एवढं शेणखत, कोंबडीखत टाकूनही कपाशीला नुसता पाला, आणि आता विहिरीच्या पाण्यात नायट्रेट निघालं. काय चुकतंय?

यावलचा केळीवाला

राम राम मंडळी. यावल तालुक्यातून लिहितोय. जमीन काळी, भारी, तापीच्या पट्ट्यातली. तीन एकर केळी आणि चार एकर कपाशी. घरी लहानमोठी मिळून १४ म्हशी, त्यामुळे शेणाची कमी नाही, रोजचं दीड-दोन क्विंटल तरी निघतं. उकिरडा गोठ्याच्या मागे, आणि उकिरड्यापासून पंधरा-वीस पावलांवर आमची जुनी विहीर, आजोबांच्या काळातली, तिचंच पाणी घरात प्यायला आणि जनावरांना.

मागच्या वर्षी कपाशीत एकरी तीन ट्रॉल्या शेणखत टाकलं (ट्रॉली साधारण तीन टनाची) आणि वरून एक ट्रॉली कोंबडीखत, ती अडीच टन भरली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वावरात ढिगल्या टाकून ठेवल्या होत्या, जूनमध्ये पाऊस आल्यावर पांगवल्या. शिवाय नेहमीप्रमाणे एकरी दोन बॅगा डीएपी आणि तीन बॅगा युरिया दिला, कारण सगळेच देतात आणि कपाशीला खत कमी पडलं तर मग बोलायला जागा राहत नाही.

तर झालं असं की कपाशी छातीच्या वर गेली, फांद्या एकमेकीत घुसल्या, आत शिरायला जागा नाही, तुडतुडे आणि पांढरी माशी इतकी की चार फवारण्या जास्तीच्या झाल्या, पातेगळ झाली, म्हणजे फुलाआधीच्या कळ्याच गळाल्या, खालची बोंडं सडली. वरची कोवळी पानं ऑगस्टमध्ये पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. एकरी सहा क्विंटलवर थांबलो. शेजारच्या काकांनी फक्त बॅगांवर काढली, त्यांना नऊ झाली. मला हे खूप लागलंय, कारण मी म्हशी पाळतो तेच मुळी खतासाठी.

दुसरी गोष्ट जास्त काळजीची. बहीण बाळंतपणाला आलेली आहे, बाळ चार महिन्यांचं, वरचं दूध चालू आहे. म्हणून पाणी तपासून घेतलं तर नायट्रेट लिटरला ८८ मिलिग्रॅम आलं. बायको पाणी उकळून देते. तेवढं पुरेल ना? आणि या वर्षी खताचं काय करू? पोल्ट्रीवाल्याला अजून दोन ट्रॉल्यांचा ॲडव्हान्स देऊन बसलोय.

मातीवाला

भाऊ, बाकी सगळं नंतर, आधी बाळाचं. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटतं आणि तेवढ्याच पाण्यात ते जास्त घट्ट होतं. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ४५ आहे, तुमचं त्याच्या जवळपास दुप्पट आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला याचा सगळ्यात जास्त धोका, रक्तातली ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते, ओठ-नखं निळसर दिसायला लागतात. तसं काही दिसलं तर एक मिनिट थांबू नका, दवाखाना गाठा. आजपासून बाळाच्या दुधासाठी त्या विहिरीचं पाणी बंद. साध्या कॅन्डलच्या फिल्टरने नायट्रेट निघत नाही, आरओने कमी होतं, नाहीतर दुसऱ्या तपासलेल्या सोर्सचं पाणी आणा. खताचं रात्री लिहितो, लॅबमध्ये आहे.

तापीकाठ

यावलवाले भाऊ, मी चोपड्याकडचा, वय ६३. तुमचं वाचून मला माझा बापच आठवला. आमच्याकडे घरात अहिराणी, तो रोज सांजेला गोठ्यातून येता येता एकच वाक्य बोलायचा, उकिरडा झाकेल जोयजे. आम्हाला वाटायचं म्हातारा उगीच मागे लागतो. तो खड्ड्यात शेण टाकलं की वर माती टाकायचा, केळीचा वाळला पाला टाकायचा, आणि खड्डा भरला की शेण-मातीने लिंपून घ्यायचा, भिंत लिंपतात तसा. आता आमच्या गावात एकाचाही उकिरडा झाकलेला नाही, उघड्यावर ढीग, उन्हाळ्यात वाळून ढेकळं, पावसाळ्यात त्यातून काळं पाणी गल्लीत.

तुम्ही एप्रिलमध्ये ढिगल्या टाकल्या आणि जूनमध्ये पांगवल्या असं लिहिलं ना, तिथेच मला धस्स झालं. आपल्याकडचं ऊन काय आहे ते तुम्हाला सांगायला नको, मे महिन्यात पारा ४५ ला जातो. दोन महिने त्या उन्हात ढिगल्या म्हणजे त्यातला वास, म्हणजे अमोनिया, सगळा वर गेला, उरला तो कोरडा चोथा. आणि ज्या जागी ढिगली होती तिथे पहिल्या पावसात सगळा अर्क उतरला असणार. तुमच्या कपाशीत ठिकठिकाणी गर्द हिरवे गोल दिसले असतील, ते ढिगल्यांच्या जागचेच. आपल्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, हात कोपरापर्यंत जातो आत, त्या भेगांमधून पहिला मोठा पाऊस सरळ खाली जातो आणि जे विरघळलेलं असेल ते सोबत घेऊन जातो.

खत वावरात नेलं की त्याच दिवशी पांगवायचं आणि त्याच दिवशी वखर किंवा रोटाव्हेटर मारून मातीआड करायचं. मजूर नसेल, ट्रॅक्टर मिळत नसेल तर त्या दिवशी खत नेऊच नका, खड्ड्यातच झाकून राहू द्या. आम्ही आखाजी (अक्षय तृतीया) झाल्यावर मेच्या शेवटी, पेरणीच्या पंधरा-वीस दिवस आधी नेतो, त्याच्या आधी नाही. एवढं एक केलं तरी तुम्हाला फरक दिसेल.

आणि कच्चं शेण टाकत असाल तर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येणारच. आमच्याकडे दोन वर्षं ऊस आणि भुईमूग पोखरला तिने, कारण कच्च्या खतातूनच तिची अंडी-अळ्या येतात. खत काळं, भुसभुशीत, हातात घेतलं तर मातीचा वास, शेणाचा नाही, एवढं कुजल्याशिवाय वावरात नेऊ नका.

मातीवाला

आता निवांत बसून लिहितो. मी जळगावात माती तपासायचं काम करतो, रोज अशीच सॅम्पलं येतात आणि प्रत्येक शेतकरी विचारतो की खत कोणतं कमी पडलं. जास्त काय पडलं हे कोणी विचारत नाही, म्हणून जरा हिशोब मांडतो, कंटाळा करू नका.

चांगलं कुजलेलं शेणखत म्हणजे साधारण अर्धा टक्का नत्र (नायट्रोजन), पाव टक्क्याच्या आसपास स्फुरद (फॉस्फरस) आणि अर्धा टक्का पालाश (पोटॅश). म्हणजे टनाला ५ किलो नत्र, दोन-सव्वादोन किलो स्फुरद, ५ किलो पालाश. तुमचं एकरी ९ टन, तर ४५ किलो नत्र, २० किलो स्फुरद, ४५ किलो पालाश. कोंबडीखत वेगळंच प्रकरण आहे, त्यात ३ टक्के नत्र, अडीच टक्क्यांच्या वर स्फुरद, दीड टक्क्याच्या आत पालाश धरतात. तुमचं अडीच टन, म्हणजे ७५ किलो नत्र, ६५ किलो स्फुरद, ३५ किलो पालाश. युरियाची बॅग ४५ किलोची, ४६ टक्के, म्हणजे तीन बॅगांचं ६२ किलो नत्र. डीएपीच्या दोन बॅगांत १८ किलो नत्र आणि ४६ किलो स्फुरद.

बेरीज करा. एकरी २०० किलो नत्र आणि १३० किलो स्फुरद. बागायती बीटी कपाशीला शिफारस आहे हेक्टरी १२०-१२५ किलो नत्राची, म्हणजे एकरी ५०. स्फुरद एकरी २५-२६ किलो.

शेणखतातलं सगळं नत्र पहिल्याच वर्षी मिळत नाही हे खरं, पहिल्या पिकाला साधारण तिसरा हिस्सा मिळतो, बाकीचं पुढच्या वर्षांत. कोंबडीखताचं मात्र निम्म्याहून जास्त लगेच सुटतं. काही उन्हात उडालं ते तापीकाठ अप्पांनी सांगितलंच. सगळी वजावट केली तरी तुमच्या पिकाला खतातूनच ४०-५० किलो मिळालं, म्हणजे शिफारशीएवढं नत्र बॅग फोडायच्या आधीच पडलेलं होतं, आणि त्यावर बॅगांचं ८० किलो. कपाशी वाढणार नाही तर काय होणार, आणि मऊ लुसलुशीत पानावर तुडतुडे येणारच. शेजारच्या काकांनी फक्त बॅगा टाकल्या म्हणून ते वाचले. शेणखत वाईट नाही भाऊ, ते मोजलं गेलं नाही. शेणखत टाकलं की बॅग कमी करायची हे आपल्याकडे कोणी करतच नाही, शेणखत म्हणजे बोनस असं धरतात. युरियाची बॅग २६६ रुपयांना मिळते म्हणून ती सहज पडते, पण पुढच्या चार फवारण्यांचे पैसे त्या बॅगेच्याच खात्यात धरा.

पिवळ्या पानांचं. आपली जमीन चुनखडीची, पीएच आठच्या वर, त्यात लोह आणि जस्त आधीच धरून ठेवलेलं असतं, आणि स्फुरद पाचपट पडलं की जस्त अजूनच अडतं. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या हे लोहाचं लक्षण. तुम्ही बहुतेक अजून एखादी खताची बॅग मारली असेल त्यावर, बरेच जण मारतात.

या वर्षी काय करायचं ते माझ्या मते असं. कपाशीत शेणखत नको, कोंबडीखत तर नकोच. माती तपासून घ्या, त्यात सेंद्रिय कर्ब, ईसी (म्हणजे क्षार किती ते) आणि उपलब्ध स्फुरद बघा, आणि स्फुरद जास्त आलं (येणारच) तर डीएपी पूर्ण बंद. नत्र दोन-तीन हप्त्यांत आणि पीक बघून. शेणखत सगळं केळीत वळवा. केळी खादाड पीक आहे, जळगावच्या केळी संशोधन केंद्राच्या पट्ट्यात झाडाला २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद, २०० ग्रॅम पालाश असं धरतात आणि झाडाला १० किलो शेणखत. दीड बाय दीड मीटरवर एकरी पावणेअठराशे झाडं, म्हणजे एकरी पावणेअठरा टन शेणखत लागलं. तीन एकराला ५० टनाच्या वर. तुमच्या म्हशींचं वर्षाचं ओलं शेण ६०-७० टन, कुजून निम्म्यावर येतं, म्हणजे तुमच्या केळीलाच ते पुरत नाही आणि तुम्ही ते कपाशीत घालून बसलात. तरी केळीतसुद्धा हिशोब धराच, १० किलो शेणखतातून झाडाला पालाश ५० ग्रॅम येतो आणि त्यातला बराचसा पहिल्याच पिकाला मिळतो, तेवढं ड्रिपमधून कमी सोडा.

रावेर ऑरगॅनिक

मी तर म्हणतो सगळं सोडा आणि जीवामृत सुरू करा. मी तीन वर्षं देतोय, जमीन भुसभुशीत झाली, गांडुळं दिसतात. खताचं टेन्शनच नाही.

मातीवाला

रावेरवाले दादा, जीवामृत जरूर द्या, मी विरोधात नाही. पण २०० लिटरच्या ड्रममध्ये १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, दोन किलो बेसन पडतं, त्या सगळ्याचं नत्र मिळून पाव किलोसुद्धा होत नाही. ते जिवाणूंसाठी आहे, केळीच्या पोटासाठी नाही. तुमची जमीन सुधारली कारण तुम्ही सोबत पाला आणि आच्छादन ठेवत असणार. यावलवाल्या भाऊंचा प्रश्न उलटा आहे, त्यांच्याकडे जास्त झालंय.

नवापूर पोल्ट्री

मी स्वतः कोंबडीखत विकतो, तरी सांगतो, दोन ट्रॉल्या ताज्या उचलू नका. ॲडव्हान्स दिलाय तर पोल्ट्रीवाल्याला सांगा की जुना, थप्पी लावून कुजवलेला माल दे, नाहीतर पैसे पुढच्या वर्षावर ढकल. आधी विचारा माल ब्रॉयलरचा की लेयरचा. ब्रॉयलरच्या शेडमध्ये खाली भाताचा तूस किंवा लाकडाचा भुसा असतो, ते खत कोरडं, हलकं, कुजवायला सोपं. लेयरचं पिंजऱ्याखालचं ओलं असतं आणि त्यात चुना भरपूर, कारण अंड्याच्या कवचासाठी खाद्यात शिंपल्याची भुकटी, चुनखडी देतात. तुमची जमीन आधीच चुनखडीची, त्यात ते कशाला घालता. हलक्या, आम्ल जमिनीत चालतं ते.

आणि एक अतिशय महत्त्वाचं. कोंबडीखताचा ढीग म्हशींच्या आसपास अजिबात नको. लॉटमध्ये कधी मेलेली कोंबडी राहून जाते, तिथे जनावराने तोंड घातलं तर बोट्युलिझम होतो, पाय लुळे पडतात आणि जनावर हातचं जातं. गव्हाणीच्या वाऱ्यावरही ठेवू नका. आमच्याकडे २००६ च्या फेब्रुवारीत बर्ड फ्लू आला तेव्हा अख्ख्या तालुक्याची शेडं रिकामी झाली, २०२१ मध्ये परत. तेव्हापासून मी शेडमधून निघालेला माल थेट कोणाच्या ट्रॉलीत टाकत नाही. ओलावा देऊन ढीग लावतो, ताडपत्री टाकतो, आत चांगली उष्णता धरली की पलटी मारतो, परत तापू देतो, असं दोन-तीनदा. वेळ लागतो आणि वजन कमी भरतं, पण गिऱ्हाईकाच्या मुळ्या जळत नाहीत.

साक्रीची ताई

भाऊ, सगळे शेणाचं बोलतात, मुताचं कोणीच बोलत नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे ३० शेळ्या आणि चार गायी. जनावराच्या शरीरातून जे नत्र बाहेर पडतं त्यातलं निम्मं तर मुतात असतं, आणि पालाशही. तुमच्या गोठ्यात फरशी असेल तर नाली काढून ते कुठे जातं बघा, बहुतेक त्या विहिरीच्याच बाजूला मुरत असणार. ढिगापेक्षा मला त्याच नालीचा संशय जास्त.

आम्ही नालीच्या तोंडाशी सिमेंटची छोटी टाकी केली आणि ते रोज खड्ड्यावर शिंपडतो. ज्या दिवशी टाकी बांधायला पैसे नव्हते तोवर सरळ हरभऱ्याचं कुटार, मक्याचं भुसकट, वाळला पाला जनावरांच्या खाली अंथरायचो, सकाळी ते भिजलेलं उचलून खड्ड्यात. शेण एकटं कुजवलं तर चिकट गोळा होतो, त्यात हवा जात नाही, आणि नत्र धरून ठेवायला काडीकचरा लागतो. तुमच्याकडे केळीची पानं आणि खांब एवढे असतात, लोक ते बांधावर फेकतात किंवा पेटवतात, बघून जीव तुटतो. पऱ्हाटीसुद्धा, म्हणजे कपाशीची वाळली झाडं, श्रेडरने बारीक करून घाला, ढीग चांगला तापला तर आतली बोंडअळी पण मरते.

शेण कमी आणि काडीकचरा जास्त असेल तर पुसदच्या पांढरीपांडे काकांची नाडेप टाकी करा, १० फूट बाय ६ फूट बाय ३ फूट, विटांच्या भिंतीत भोकं ठेवायची. तिच्यात शेण क्विंटलभरच लागतं, बाकी कचरा चौदा-पंधरा क्विंटल आणि माती. तीन-चार महिन्यांत खत तयार.

आमच्या कोरडवाहू तुकड्यात मात्र आम्ही दिवाळीनंतर ठेलाऱ्यांच्या मेंढ्या बसवतो. शेण आणि मूत जागच्या जागी पडतं, वाहतूक नाही. पण रोज जागा बदलायला लावायची, एकाच ठिकाणी तीन रात्री बसल्या तर तिथे पीक जळतं, आणि मेंढ्या उठल्या की लगेच वखर. एक त्रास आहे, वेड्या बाभळीच्या शेंगा खाऊन आल्या असतील तर बांधभर बाभळी उगवतात, तेवढं मालकाला विचारून घ्यायचं.

तापीकाठ

ताई बरोबर बोलल्या. नालीचं माझ्या लक्षातच आलं नाही.

यावलचा केळीवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडं उशिरा लिहितोय, पण रिकाम्या हाताने आलो नाही.

बाळासाठी त्याच दिवसापासून गावातल्या आरओचं पाणी आणतो, डॉक्टरांना दाखवलं, बाळ छान आहे. विहीर आता फक्त केळीला, आणि मातीवाले भाऊंना फोरमच्या मेसेजमध्ये विचारलं तर ते म्हणाले की त्या पाण्यातलं नायट्रेट म्हणजे नत्रच आहे, तेही केळीच्या हिशोबात धर, ते मला तोवर सुचलंही नव्हतं.

ताईंच्या सांगण्यावरून नाली बघितली. गोठ्याची फरशी मागच्या बाजूला उतरती, तिथून मूत उकिरड्याच्या कडेने सरळ विहिरीच्या अंगाला. जेसीबी लावून उकिरडा हलवला तर खालची माती काळीनिळी, ओली, फावडं मारलं की नाकात झणका बसायचा, दोन हात खोल गेलो तरी तोच वास. तीस वर्षं तिथे ढीग होता. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो, वडिलांना बोलावून दाखवलं, ते काहीच बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी स्वतःच गवंड्याला घेऊन आले.

आता नवा खड्डा विहिरीच्या खालच्या उताराला, वावराच्या टोकाला, वर पत्र्याचं छप्पर. शेणाचा एक थर, केळीच्या पानांचा एक थर, वर नालीच्या टाकीतलं पाणी. लोखंडी शीग आत खुपसून ठेवतो, काल पाच मिनिटांनी काढली तर हातात धरवत नव्हती. पोल्ट्रीवाला पैसे परत द्यायला तयार नाही, माल पुढच्या वर्षी देईन म्हणाला, ठीक आहे.

एक विचारायचं राहिलं. जुन्या उकिरड्याखालची ती काळी माती ट्रॉलीने केळीत टाकू का, आणि विहिरीचं नायट्रेट किती दिवसांत उतरेल?

मातीवाला

माती टाका, ती खतच आहे, पण ईसी जास्त असणार, म्हणून पातळ पांगवा, खोडाजवळ ढीग करू नका, आणि ज्या ओळीला टाकली तिथला युरिया पुढच्या दोन हप्त्यांना बंद ठेवा. जो खड्डा झाला त्यात पाणी साचू देऊ नका, चांगल्या मातीने भरून वर उंचवटा करा, नाहीतर राहिलेलं सगळं पावसात धुऊन विहिरीतच जाईल.

विहीर लगेच उतरणार नाही. या पावसाळ्यात आकडा वाढूही शकतो, कारण वरच्या थरातलं अजून खाली यायचंय, तेव्हा घाबरू नका आणि पाणी प्यायला परत सुरूही करू नका. भरपूर उपसा करून ते पाणी केळीला देत राहा, केळी ते नत्र उचलेल. एक सॅम्पल पोळ्याच्या सुमारास आणि एक दिवाळीनंतर द्या, दोन्ही वेळेस पंप पंधरा मिनिटं चालू ठेवून मग बाटली भरा, आणि बाटली त्याच दिवशी लॅबला पोचवा.

यावलचा केळीवाला

बरं भाऊ. पोळ्याचं सॅम्पल दिलं की रिपोर्ट इथेच टाकतो.